नाकापेक्षा वायर जड

बावीस हजारांचा डॅक आणि तो जोडायला पस्तीस हजारांची वायर. हा हिशेब ऐकून ज्याच्या भुवया वर जातात तो साधा श्रोता. ‘पस्तीसची का? ठीक आहे, सुरुवातीला चालेल,’ असं जो म्हणतो तो हाय-फाय रसिक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही आपल्याकडे थट्टेची म्हण आहे. वातानुकूलित ऑडिओ शोरूममध्ये ते दरपत्रक आहे.

या पंथाची दीक्षा ज्यांनी घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी पेटी. सीडी प्लेयर, टीव्ही, लॅपटॉप नाहीतर स्ट्रीमर यांच्याकडून गाणं आकड्यांच्या रूपात निघतं, डॅक त्याचा आवाज करतो, अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो आणि स्पीकर तो शेजाऱ्यांपर्यंत पोचवतो. यातली पहिल्या दोन पेट्यांमधली एक-दीड मीटरची डिजिटल वायर ही आजच्या लेखाची नायिका. विणलेल्या रेशमी अंगरख्यात, मखमली खोक्यात, प्रमाणपत्रासकट येते. रूप, पोशाख आणि भाव नायिकेचा. काम हमालीचं.

हमाली किती, तेही पाहू. सीडी बाजारात आली १९८२ साली. सोनी आणि फिलिप्स या तिच्या जन्मदात्यांनीच दोन पेट्या जोडायची पद्धत ठरवून दिली, ती त्यांच्या आद्याक्षरांवरून एस/पीडीआयएफ म्हणून ओळखली जाते. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुन्याची डावी-उजवी बाजू, त्याची खूणगाठ आणि पत्ता धरून ६४ बिटांचं एक पुडकं होतं. म्हणजे वायरीतून सेकंदाला २८,२२,४०० बिट धावतात. आकडा ऐकून दडपण येतं. पण सोसायटीतला केबलवाला १०० एमबीपीएसचं कनेक्शन देतो, तेव्हा त्याची वायर याच्या पस्तीसपट ओझं उचलते. ती डक्टमधून, ड्रेनेजच्या पाइपाला सुतळीने बांधून आलेली असते. तिला कुणी मखमली खोकं दिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ही हमाली करताना वायर चुकली तर काय होतं?

विक्रेता सांगतो, ‘साध्या वायरीत वरचे स्वर कोरडे लागतात, खर्ज पसरतो, गाणाऱ्याच्या आवाजातला ओलावा जातो.’ क्षणभर खरं धरून चालू. वायरीतून जातात ते एक आणि शून्य. ओलावा घालवायचा तर वायरीला आधी ऐकावं लागेल की चाललाय तो किशोरीताई आमोणकरांचा भूप आहे. मग लाखो बिटांच्या लोंढ्यातून तारषड्जाचे नेमके आकडे हेरून, त्यांना हात लावावा लागेल. तोही असा की आकडा चुकला हे कळता कामा नये, पण षड्ज जरा कोरडा लागला पाहिजे. एवढी रागदारी ज्या वायरीला येते तिच्याकडे आपण शिकवणी लावली पाहिजे.

बिट चुकला की प्रत्यक्षात काय होतं ते फार गद्य आहे. टिक असा आवाज येतो. जास्त चुकले तर खरखर होते. त्याहून जास्त चुकले तर डॅक हात टेकतो आणि गप्प बसतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा गप्प बसतो. सीडीच्या चकतीवर ओरखडे भरून काढणारी गणिती सोय असते, तशी या वायरीवर नसते. चूक ओळखायला एक बिट असतो, दुरुस्त करायला काही नाही. त्यामुळे इथे चूक झाकून राहत नाही. ओलावा, ऊब, खोली, रेशमीपणा यांचा या चुकीशी काडीचा संबंध नाही. वायर बिघडलीच तर मूल रडावं तशी उघड रडते, कादंबरीतल्या नायिकेसारखी आतल्या आत झुरत नाही.

स्ट्रीमिंगवाल्यांचा तर थाटच वेगळा. गाणं परदेशातल्या कुठल्याशा गोदामातून निघालेलं असतं. समुद्राच्या तळावरून हजारो किलोमीटर सरपटत ते वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागलं असेल. तिथून मुंबईच्या फुटपाथाखालून, खणलेल्या आणि पुन्हा खणलेल्या रस्त्यांतून गेलं. मग विजेच्या खांबावरून आंब्याच्या फांदीवर, फांदीवरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीच्या गजातून ते दिवाणखान्यात शिरलं. राउटरने त्याचे तुकडे हवेत फेकले, स्ट्रीमरने झेलले. एवढ्या वनवासात गाण्याच्या केसालाही धक्का लागला नाही. आता फक्त शेवटचा एक मीटर राहिलाय, आणि इथे म्हणे शुद्ध चांदी नसेल तर घात होतो.

यावर जाणकार बोट उचलतात. इंटरनेटवर तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवता येतो, एस/पीडीआयएफमध्ये येत नाही. बरोबर आहे. पण पुन्हा मागवायची वेळ मुळात हरवलं तरच येते, आणि हरवलं तर टिक ऐकू येतं. टिक येत नसेल तर काय मागवायचं राहिलं?

मग जाणकार हुकमाचं पान टाकतात: जिटर. हे पान मात्र खोटं नाही. तबलजीचे बोल सगळे बरोबर पण लय डळमळती, असा हा प्रकार. एस/पीडीआयएफच्या वायरीतून आकड्यांबरोबर ठेकाही जातो. पूर्वीचे अनेक डॅक वायरीतून येणारा ठेका जवळजवळ तसाच उचलायचे, त्यामुळे वायर चुकीची किंवा फारच भिकार असली तर लय हलायची वाटही मोकळी असायची. यावर अभियंत्यांनी डोकं लावलं. आताचे बरेच डॅक आलेले आकडे साठवून स्वतःच्या घड्याळावर मोजून घेतात, किंवा आलेला ठेका गाळून घेतात. यूएसबीच्या आजकालच्या डॅकमध्ये तर मामला उलटाच आहे. ठेका डॅक धरतो आणि संगणकाला सांगतो, आता इतके आकडे पाठव. तुमचा बावीस हजारांचा डॅक वायरीच्या भावाप्रमाणे लय बदलत असेल, तर वायर बदलू नका. डॅक बदला, आणि विकणाऱ्याला दोन शब्द सुनवा.

चांदीच्या वायरीला आणखी एक काळजी असते ती ७५ ओहमची. या कामाला ७५ ओहमची कोॲक्सियल वायर लागते हे शंभर टक्के खरं. माप जुळलं नाही तर सिग्नलचा काही भाग टोकाला आपटून मागे फिरतो. पण गंमत टोकालाच आहे. पस्तीस हजारांच्या वायरीला जो आरसीए प्लग असतो, तो रेडिओ-ग्रामोफोनच्या जमान्यातला. बहुतेक आरसीए प्लगांना नेमके ७५ ओहम असण्याची सवयच नाही. या मापाचा खरा प्लग बीएनसी, जो टीव्हीच्या स्टुडिओत सर्रास वापरतात. क्रिकेट सामन्याच्या ओबी व्हॅनमध्ये त्याच जातीच्या ७५ ओहमच्या वायरीतून एचडी चित्र जातं, सेकंदाला जवळजवळ दीडशे कोटी बिट. सीडीच्या पाचशे पट. ती वायर रिळावरून मीटरने कापून घेतात, चिखलात पसरतात, तिच्यावरून ट्रॉल्या जातात. चौकार तरीही चौकारच दिसतो.

मग हा धंदा चालतो कसा? जाहिरातीच्या भाषेवर चालतो, आणि ती भाषा मोठी रसाळ आहे.

पहिलं अलंकरण सोन्याचं. सोन्याची विद्युतवाहकता तांब्यापेक्षा कमी आहे. त्याचा गुण एकच, ते गंजत नाही. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तिथे सोन्याचा पातळ मुलामा उपयोगी पडतो आणि तो शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीवरही असतो. इथवर ठीक. पण ऑप्टिकल वायरीचं काय? तोशिबाने १९८३मध्ये काढलेली टॉसलिंक म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू. एका टोकाला लाल प्रकाश शिरतो, दुसऱ्या टोकाला निघतो. धातूला धातू कुठेही लागायचा नसतो. तरी सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांच्या ऑप्टिकल वायरी बाजारात राजरोस विकल्या जातात. प्रकाशाला सोन्याचा काय उपयोग, असं विचारू नये. जो विचारतो त्याला शोरूममध्ये दुसरा चहा मिळत नाही.

दुसरं अलंकरण बाणाचं. वायरीवर बाण छापलेला असतो, सिग्नलने कुठल्या दिशेने जावं ते त्याला कळावं म्हणून. २००८मध्ये डेनॉन या कंपनीने दीड मीटरची एक नेटवर्कची वायर ४९९ डॉलरला काढली होती, तेव्हाच्या भावाने साधारण वीस हजार रुपये. तिच्यावरही दिशादर्शक खुणा होत्या. नेटवर्कची वायर दोन्ही दिशांनी बोलते, हे बाणाला कुणी कळवलं नसावं. जगभर तिची इतकी टिंगल झाली की वायरीपेक्षा तीच जास्त गाजली. बाण खरोखर पाळायचा तो एका ठिकाणी. लांब पल्ल्याच्या, आत प्रकाशतंतू असलेल्या एचडीएमआय वायरीला एका टोकाला पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला घेणारा भाग असतो. ती उलटी लावली तर चित्रच येत नाही. खरा बाण कसा ओळखायचा, तर तो मोडला की काम बंद पडतं.

तिसरं अलंकरण मुरण्याचं. नवी वायर लोणच्यासारखी मुरावी लागते, असं काही विक्रेते सांगतात. किती? दोनशे तास. रोज दोन तास ऐकलं तर शंभर दिवस झाले. परत करण्याची मुदत किती? सात दिवस. हे गणित ज्याने बसवलं त्याला ध्वनिशास्त्राचं नाही तर वाणिज्याचं पारितोषिक द्यायला हवं.

चौथं अलंकरण पाटाचं. वायर जमिनीला टेकली तर आवाज मळतो, म्हणून तिच्याखाली ठेवायला लाकडाचे आणि चिनीमातीचे छोटे आधार मिळतात. पाहुणे सतरंजीवर, वायर पाटावर.

आणि हे सगळं कमी पडलं तर शेवटी स्वयंपाकघर कामाला येतं. वायरीच्या तारीफेची कुठलीही कहाणी घ्या, तिच्यात एक बायको असतेच. नवऱ्याने गुपचूप नवी वायर लावलेली असते, आणि बायको आतून ओरडते, ‘अहो, आज काही बदललंत का? किती मोकळं वाटतंय!’ मिक्सर चालू, कुकरची तिसरी शिट्टी, चिमणीचा घोंघाट, आणि या सगळ्याच्या पलीकडून वायरीचा मोकळेपणा जिला ऐकू येतो ती बाई नवऱ्याने खालून केलेली बेल कशी ऐकत नाही, याचा खुलासा कहाणीत नसतो.

तरीही मी म्हणतो, याच बायकोला परीक्षक नेमा. पडद्यामागे दोन वायरी ठेवा, एक पस्तीस हजारांची आणि एक दीडशेची. तुम्ही बाहेर बसा. तिने नाणं उडवावं, छापा पडला तर ही वायर, काटा पडला तर ती, आणि तोंडातून शब्द काढू नये. तुम्ही फक्त लिहायचं, कुठली लागली आहे. दहा वेळा. दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरं निव्वळ नशिबाने बरोबर यायची शक्यता १,०२४त ११, म्हणजे शेकडा एकच्या आसपास. तेवढी बरोबर आली तर वायर ठेवा आणि मला बोलवा, मी पेढे घेऊन येतो. पाच-सहा आली तर नाण्यालाही तेवढंच ऐकू येतं हे लक्षात घ्या. एवढी साधी परीक्षा, खर्च शून्य, वेळ अर्धा तास. पण पस्तीस हजार मोजलेला माणूस तिला कधी बसत नाही. पैसे गेलेत, आता ऐकू येणं भाग आहे.

जेम्स रँडी नावाचे अमेरिकन जादूगार भोंदूगिरीच्या मागे हात धुऊन लागलेले असायचे. त्यांनी २००७मध्ये असंच एक आव्हान दिलं होतं. सव्वासात हजार डॉलरच्या स्पीकरच्या वायरी आणि साध्या चांगल्या वायरी डोळे झाकून ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. त्या तर अ‍ॅनालॉग वायरी होत्या, जिथे फरक पडायला निदान जागा तरी असते. एक नामवंत समीक्षक तयारही झाले. पण बोलणी फिसकटली, परीक्षा झालीच नाही, आणि दहा लाख डॉलर कुणीही नेले नाहीत. दिवाणखान्यात फरक पटकन ऐकू येणारे कान बक्षिसाच्या वाटेवर नेमके कुठे अडतात, हा संशोधनाचा विषय आहे.

कानांचा विषय निघालाच आहे तर एक कडू घोट. वीस वर्षांच्या पोराला सतरा-अठरा हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या खिशात वायरीचे पैसे नसतात. साठीच्या आसपास बहुतेकांचं बारा-चौदा हजार हर्ट्झच्या वरचं ऐकणं मावळलेलं असतं. ग्रॅच्युइटी मात्र नुकतीच जमा झालेली असते. शोरूमवाल्याला हे दोन्ही आलेख पाठ आहेत. त्यातून मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून झालं असेल तर चांदी, तांबं आणि सुतळी यांत भेद राहत नाही.

एवढं बोलून वायरीने काहीच फरक पडत नाही असा निष्कर्ष कुणी काढला, तर तोही शोरूमवाल्याइतकाच चुकला. फरक पडतो. फक्त तो ज्या गोष्टींनी पडतो त्या फुकट किंवा स्वस्त असल्यामुळे त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा. काउंटरच्या मागे वायरींची भेंडोळी छताला टांगलेली असतात आणि मालक खाली मान घालून काहीतरी डागत बसलेला असतो.

‘डिजिटल कोॲक्सियल वायर आहे का? डॅकला लावायचीय.’

‘पिवळी घ्या.’

‘पिवळी व्हिडिओची असते ना?’

‘तिला कोण सांगायला जातंय?’

साऱ्या हाय-फाय शास्त्राचं सार या एका उत्तरात आहे. जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर लाल-पांढरी-पिवळी अशी तिपेडी वायर यायची. त्यातली पिवळी चित्रासाठी म्हणून ७५ ओहमच्या घराण्यातली असते, आणि एक-दोन मीटरला डिजिटल आवाज तिच्यातून बिनबोभाट जातो. माळ्यावर पाहा, बहुतेक घरांत ती पडलेली असते. नसेल तर विकत घेताना ७५ ओहम लिहिलेली, जाळी दाट असलेली आणि प्लग घट्ट बसणारी घ्या. प्लग हातात धरून हलवला तर वायर त्यात लोलकासारखी डोलता कामा नये. संपलं कोॲक्सियल पुराण.

आता घरघर. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, संगणक, अ‍ॅम्प्लिफायर हे सगळे तांब्याच्या वायरींनी एकमेकांना बांधले की आपल्याकडच्या अर्थिंगच्या कृपेने स्पीकरमधून ‘हूं’ असा अखंड हुंकार सुरू होतो. डिश किंवा केबलची वायर काढून पाहा. हुंकार थांबला तर चोर सापडला. याला चांदीचा इलाज नाही. यावर उतारा तीच टॉसलिंक, कारण प्रकाशातून वीज जात नाही, आणि दोन पेट्यांचा विजेचा संबंध तुटला की हुंकारही तुटतो. तिची किंमत दोनशे-तीनशे रुपये. वायर आणि वायर यांत कानाला ठळक कळणारा फरक घरात ऐकायचा असेल तर तो हा. आणि तो स्वस्तातली वायर घडवून आणते, हे शोरूममध्ये बोलू नका, वातावरण बिघडतं.

टॉसलिंक लावताना पिनेवरचं प्लास्टिकचं टोपण काढायचं. हसू नका, ते न काढता ‘पीस खराब आहे’ म्हणून परत आणणारे रोज येतात, असं दुकानदार सांगतात. पीन चौकोनी असते, एकाच बाजूने बसते, जोर करायचा नाही. वायर कपाटामागे चेमटायची नाही, तंतू मुडपला की प्रकाश अडतो. चार-पाच मीटरपर्यंत निर्धास्त, त्यापुढे जपून. आणि १९२ किलोहर्ट्झच्या भारी फाइली वाजवायच्या असतील तर कोॲक्सियल किंवा यूएसबी बरी, कारण कितीतरी पेट्यांचं ऑप्टिकल तोंड ९६वरच दम टाकतं.

टीव्हीला डॅक किंवा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर लावला, लाल दिवा दिसतोय, पण आवाज शून्य? नवी वायर आणायला धावू नका. टीव्हीच्या मेनूत जा, आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडा. टीव्ही डॉल्बीचं बांधलेलं गाठोडं पाठवत होता आणि तुमच्या डॅकला ती गाठ सोडवता येत नव्हती. या एका बटणापायी किती निरपराध वायरी बदलल्या गेल्या असतील त्याची गणती नाही.

साउंडबार किंवा होम थिएटर असेल तर एचडीएमआयची एआरसी लिहिलेली खोबण वापरा. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४पासून आहे. डॉल्बीचे बिनकपातीचे मोठे प्रकार ऑप्टिकलच्या अरुंद वाटेतून मावत नाहीत, त्यांना दोन्ही पेट्यांवर ईएआरसी लागते. ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींनी पाहायचं असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल आणि त्यावरचा क्यूआर कोड पाहून घ्या. ते लेबल ४८ गिगाबिटांची हमी देतं. किमतीचा आकडा कसलीच हमी देत नाही.

लॅपटॉप ते डॅक, यूएसबी. प्रिंटरची वायर असते तीच. लॅपटॉपचा चार्जर लावला की खरखर आणि काढला की शांत, असं होत असेल तर दोष चार्जरच्या विजेतून येतोय. यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबी त्यावर उपाय आहे. रेशमी अंगरख्याची वायर ती खरखर इमानेइतबारे डॅकपर्यंत पोचवेल.

आता उरलेल्या चौतीस हजार आठशे पन्नास रुपयांचं काय करायचं? दिवाणखान्याकडे एकदा मान वळवून पाहा. खाली गुळगुळीत फरशी, समोर काचेचं शोकेस, मागे उघडी भिंत. टाळी वाजवली तर परत टाळी ऐकू येते. उजवा स्पीकर शोकेसच्या कप्प्यात, एका बाजूला नातवाचे चषक, दुसऱ्या बाजूला सत्यनारायणाच्या वेळचा गुच्छ. डावा स्पीकर सोफ्यामागे, कारण तिथे प्लग होता. अशा खोलीत चांदीची वायर लावून ‘मंच उलगडला’ म्हणणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला नमस्कार. स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा, दोन्ही कानाच्या उंचीला ठेवा. तुमच्यापासून दोन्हींचं अंतर सारखं असू द्या. जाड पडदे शिवा, फरशीवर गालिचा टाका. यातला पहिला अर्धा भाग फुकट आहे, आणि त्याने पडणारा फरक ऐकायला नाणं उडवावं लागत नाही. बायको स्वयंपाकघरातून खरोखर विचारेल, फक्त प्रश्न ‘हे स्पीकर वाटेत कुणी ठेवले?’ असा असेल.

तेव्हा निकाल असा: डिजिटल वायर काम करते किंवा करत नाही. योग्य जातीची, गरजेपुरती लांब आणि घट्ट बसणारी वायर घ्या, टिक-खरखर नसेल तर तिच्याकडे पुन्हा पाहूही नका. आणि कुणी म्हणालाच की आमची वायर ‘जरा जास्त छान’ काम करते, तर त्याच्याशी वाद घालू नका. परत करण्याची मुदत किती दिवसांची, ते बिलावर लिहून मागा.